उसन्या अत्तराचे नर: वेताळ टेकडी ते सासवड

वेताळ टेकडीवर लोक पहाटे जातात. फुलपाखरं बघायची असतील तर मात्र उशिरा जावं, उन्हं चांगली अंगावर आल्यावर. दिवाळीनंतरच्या आठवड्यात नऊच्या सुमारास मी आणि मैत्रीण पाषाणच्या बाजूनं चढायला लागलो, तेव्हा फिरायला आलेली मंडळी उतरत होती. 'आत्ता निघालात? उन्हाचं?' एका आजोबांनी टोकलंच. पुण्यात सल्ला फुकट मिळतो, मागावा लागत नाही.

गवत वाळून सोनेरी झालं होतं. वाटेच्या कडेला रुईची झुडपं धूळ खात उभी. रुईचं पान तोडलं की पांढरा चीक भळभळतो आणि त्या चिकात हृदयाची लय बिघडवणारी विषं असतात. गुरं सहसा रुईला तोंड लावत नाहीत. एका पानाखाली मात्र काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी निवांत चरत होती, पाठीवर काळ्या मऊ शेंड्यांच्या तीन जोड्या. ही प्लेन टायगरची अळी. तांबड्या पंखांचं हे फुलपाखरू पुण्यात कुठल्याही मोकळ्या प्लॉटवर दिसतं. अळीनं खाल्लेल्या विषातलं काही फुलपाखराच्या अंगात उरतं, म्हणून एकदा चव घेतलेला पक्षी पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही. त्यामुळेच ते एवढं सावकाश, कुणाची भीडभाड न ठेवता उडतं.

इथवर बहुतेक निसर्गप्रेमींना माहीत असतं. मला बघायचं होतं ते पुढचं, आणि त्यासाठी घागरीची वाळकी झुडपं शोधत आम्ही खाणीच्या दिशेनं गेलो. घागरी म्हणजे तागाची रानटी भावंडं. वाळलेल्या शेंगा हलवल्या की आत बिया खुळखुळतात, म्हणून कुणी खुळखुळाही म्हणतं. एका झुडपावर ना फूल, ना मध, पानंही निम्मी करपलेली, आणि त्यावर चार-पाच प्लेन टायगर चिकटून बसलेले. जवळ गुडघे टेकले तरी उडेनात. एकजण पायांनी पान खरवडत होता. मग सोंड उलगडून त्या खरवडलेल्या जागी टेकवायचा, ओलं करायचा आणि विरघळलेलं शोषून घ्यायचा. मागच्या पंखावर एक जादा काळा ठिपका, मध्ये पांढुरका. तो नराच्या गंधपिशवीचा. आम्हाला नीट दिसले ते सगळे नरच.

घागरीत पायरोलिझिडिन जातीची अल्कलॉइड, म्हणजे कडू, विषारी द्रव्यं असतात. नर त्यांपासून डॅनॅइडोन नावाचा गंध तयार करतो आणि पोटाच्या टोकाशी दडवलेले केसांचे झुबके बाहेर काढून तो मादीवर शिंपडतो. म्हणजे अत्तर नराचं, पण कच्चा माल झाडाचा. अमेरिकेत ह्याच कुळातलं क्वीन नावाचं फुलपाखरू आहे. त्याच्यावर प्लिस्के आणि आइस्नर या शास्त्रज्ञांनी १९६९ साली काम प्रसिद्ध केलं. अल्कलॉइड न मिळालेले नर प्रियाराधन अगदी रीतसर करत, पण माद्या त्यांना फारशी दाद देत नसत. नखरा नव्हे हा. क्वीनचा नर मीलनाच्या वेळी हे अल्कलॉइड मादीला देतो, ती ते अंड्यांत उतरवते आणि अंडी शत्रूंना बेचव होतात. गंध घेऊन मादी एका परीनं आहेराचा अंदाजच घेते.

खाली उतरून मिसळ खाल्ली आणि सासवड गाठलं. हडपसरच्या ट्रॅफिकबद्दल काय लिहायचं! दिवे घाटात गाडी चढायला लागली की खाली मस्तानी तलाव दिसतो, तेवढाच दिलासा.

सासवडच्या पुढे मैत्रिणीच्या काकांची पेरूची बाग आहे. फांद्यांना प्लास्टिकचे सापळे टांगलेले, आत औषध लावलेला लाकडाचा तुकडा, तळाशी मेलेल्या फळमाश्यांचा थर. काका एक सापळा हातावर रिकामा करत म्हणाले, "बघा, समदे नरच. मादी औषधालाबी गावायची न्हाई."

ते बरोबरच सांगत होते. हरभऱ्यावरच्या घाटेअळीच्या कामगंध सापळ्यात मादीच्याच वासाची नक्कल असते. पेरू-आंब्यावरच्या फळमाशीचा सापळा वेगळा. त्यातलं मिथाइल युजेनॉल माशीचं नाहीच, ते झाडांचं, आपल्या तुळशीतसुद्धा असतं. बिहारमधल्या पुसा इथं काम करणाऱ्या हॉवलेट या कीटकशास्त्रज्ञानं १९१५ साली नर माश्यांना असलेली त्याची ओढ नोंदवली. नर ते अधाशासारखं खातो, अंगात त्याचं रूप बदलून साठवतो आणि संध्याकाळी पंख फडफडवत मादीसाठी सोडतो. टेकडीवरचीच गोष्ट, फक्त झाड वेगळं आणि नायक कमी देखणा. काकांना घागरीवरच्या फुलपाखरांचं सांगितलं तर ते हसले. "म्हंजी ह्यो बी अत्तराच्याच नादानं मरतोय."

त्यांची तक्रार वेगळी होती. सापळे भरतात, तरी पेरू किडतात. कारण सोपं आहे आणि जरा वैतागवाणंही. उरलेला एक नर पुष्कळ माद्यांना पुरतो, आणि बांधापलीकडची मादी आधीच फळलेली येते. शेजाऱ्यांनी सापळे लावले नाहीत तर एकट्याचे सापळे कमी पडतात. त्यापेक्षा पडलेली फळं रोज उचलून खोल पुरणं जास्त कामाचं, कारण अळ्या त्या फळांतून मातीत उतरून कोष करतात. काकूंनी ते काम कधीचंच अंगावर घेतलं होतं, आणि काका सापळ्यांचं कौतुक सांगत असताना त्या वाकून पाटी भरतच होत्या.

निघताना त्यांनी पिशवीभर पेरू दिले. वर बजावलं, "कापून खावा हां, तसंच चावू नगा."