श्कोडरचं कॅथेड्रल आणि ती तेवीस वर्षं

राजधानी तिरानाहून श्कोडरला बसने दोन-अडीच तास लागतात. उत्तर अल्बानियातलं हे गाव पूर्वापार कॅथलिकांचं ठाणं. मुसलमान वस्तीही जुनी, त्यामुळे मिनार आणि क्रूस एकाच नजरेत बसतात. मी वसईतला, सेंट स्टीफन कॅथेड्रल बघायचंच होतं. वरचं लाकडी कोरीव छत आणि खालचा ऐसपैस सभामंडप बघून लगेच लक्षात आलं, इथे क्रीडागृह काढायची कल्पना कुणाला का सुचली असेल. १९६७ नंतर खरोखरच इथे सामने व्हायचे.

त्या वर्षी ६ फेब्रुवारीला अल्बानियाचा कम्युनिस्ट हुकूमशहा एन्वर होजा याने धर्माविरुद्ध भाषण केलं आणि तरुण पोरं धर्मस्थळांवर तुटून पडली. वर्षभरात दोन हजारांहून अधिक मशिदी, चर्चेस, मठ आणि बेक्ताशी (एक सूफी पंथ) दर्ग्यांना टाळं लागलं किंवा ते पाडले गेले. इतर कम्युनिस्ट देशांनी धर्म मुठीत ठेवला, पण होजाने तो बेकायदाच करून टाकला. १९७६ च्या राज्यघटनेत तर राज्य कुठलाही धर्म मानत नाही असं कलमच घातलं. आदल्या वर्षी नावांवरही हुकूम निघाला होता, धार्मिक वासाची नावं बदला म्हणून.

मला सगळ्यात जास्त खटकली ती जेवणातली हेरगिरी. रमजानात किंवा उपवासकाळात शाळेत, कारखान्यात मुद्दाम निषिद्ध पदार्थ वाटायचे. जो खाणार नाही तो सापडला! पोराने घरी काय जेवलो ते शाळेत सांगू नये, म्हणून आईबाप त्याच्यापासूनच प्रार्थना लपवत. गोळीपेक्षा ही भीती जास्त आत जाते, असं माझं मत.

गोळ्याही होत्याच म्हणा. श्ट्येफन कुर्ती नावाच्या वृद्ध फादरांनी छळछावणीत एका बाळाला गुपचूप बाप्तिस्मा दिला, त्यांना देहदंड झाला. फादर एर्नेस्ट सिमोनी १९६३ च्या नाताळच्या आदल्या रात्री मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, आटोपल्यावर पकडले गेले. फाशी टळली, पण अठरा वर्षं कैद आणि सक्तमजुरी झाली. त्यातली काही वर्षं स्पाचच्या कैद्यांच्या खाणीतही काढली. सुटल्यावर याच श्कोडरच्या गटारांत काम! २०१४ मध्ये त्यांची कहाणी ऐकून पोप फ्रान्सिस रडले आणि दोन वर्षांनी त्यांना कार्डिनल केलं. त्याच २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये ३८ हुतात्म्यांना या कॅथेड्रलच्या आवारात धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यात आलं.

गावातल्या साक्ष आणि स्मृती संग्रहालयात सिगुरिमीच्या, म्हणजे गुप्त पोलिसांच्या, कोठड्या आहेत. मी एकीत उभा राहिलो. हात पसरले की दोन्ही भिंती लागतात. बाहेर पडून समोरच्या गल्लीत दोन कॉफ्या एकामागून एक घेतल्या.

'इंडिया' म्हटलं की इथे लोक लगेच 'नेने तेरेझा' म्हणतात. मदर तेरेसा मूळच्या अल्बानियन, त्यांची आई आणि बहीण तिरानात होत्या. पण मदरना देशात यायची परवानगी मिळाली नाही. आई १९७२ मध्ये गेली, बहीण पुढच्या वर्षी. मदर पहिल्यांदा येऊ शकल्या त्या १९८९ मध्ये, थेट आईच्या कबरीपाशी. आज तिरानाच्या विमानतळाला त्यांचंच नाव आहे. सरकारं अशी भरपाई करण्यात पटाईत असतात.

संध्याकाळी र्रमायच्या कॅथलिक दफनभूमीत गेलो. इथेच, ४ नोव्हेंबर १९९० ला, सव्वीस वर्षं तुरुंगात काढलेल्या फादर सिमोन युबानींनी उघडपणे मिस्सा केली. पुढच्या रविवारी हजारो लोक जमले, त्यात मुसलमानही होते. आणि लगेच त्या शुक्रवारी, १६ तारखेला, गावाबाहेरच्या शिसे मशिदीत हाफिझ सब्री कोचींनी नमाज पढवला. तेही वीसेक वर्षं आतच होते. कम्युनिस्ट पक्षाची सत्ता तेव्हा शाबूत होती, मात्र त्या दिवशी कुणालाच अटक झाली नाही.