परवानगी नाही, तरीही फाइल उघडते: ॲक्सेस तपासणीचा माझा अनुभव

लातूरच्या बाजारात सोयाबीनची आवक वाढली की आडत दुकानांत पट्ट्या लिहिण्याची घाई होते, आणि अशाच दिवसांत एका दुकानाचा रस्ट भाषेतील हिशेबाचा प्रोग्रॅम माझ्याकडे दुरुस्तीला आला. मुनीमजींच्या लॉगिनवरून चालवला की तो नोंदवहीत लिहिण्याची परवानगी नसल्याचे सांगे. प्रोग्रॅममधील परवानगी तपासणारी ओळ काढली की त्याच नोंदवहीत पट्टी विनातक्रार लिहिली जाई.

तपासणी रस्टच्या निक्स लायब्ररीतील (लिनक्सच्या सुविधा वापरू देणाऱ्या तयार कोडमधील) ॲक्सेस या फंक्शनने होत होती. मी प्रोग्रॅमच्या फाइलवर एलएस -एल ही परवानग्या दाखवणारी आज्ञा चालवली, तेव्हा गटाच्या परवानगीच्या तीन अक्षरांत एक्सच्या (चालवण्याच्या परवानगीच्या) जागी एस दिसला. म्हणजे प्रोग्रॅम सेटजीआयडी होता. चालताना त्याला नोंदवहीच्या गटाचा अधिकार मिळत होता. फाइल उघडताना कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, हा प्रभावी अधिकार पाहतो, ॲक्सेस मात्र प्रोग्रॅम चालवणाऱ्याची मूळ ओळख पाहतो. त्या माणसाला हे काम स्वतःच्या हक्काने करता आले असते का, हे अशा प्रोग्रॅमला विचारता यावे म्हणूनच ते फंक्शन आहे. त्यामुळे मिळालेले उत्तर बरोबरच होते, पण आम्हाला विचारायचे होते ते दुसरेच.

एफॲक्सेसॲट या फंक्शनला एटी_ईॲक्सेस हा फ्लॅग (जादा पर्याय) दिला की प्रभावी ओळख तपासली जाते. तसा बदल करण्याआधी मी नांदेडच्या एका ज्येष्ठ स्नेह्यांना फोन केला. ते म्हणाले, "आधी कर्नल कोणता आहे ते बघा." दुकानातील सर्व्हर जुना होता. हा फ्लॅग लिनक्स कर्नलला थेट कळू लागला तो 2020 मधील 5.8 आवृत्तीपासून; त्याआधी जीलिबसी ही लिनक्सवरील मूळ सी लायब्ररी केवळ परवानगीचे बिट पाहून उत्तर देई आणि एसीएल, म्हणजे ठरावीक व्यक्ती वा गटांसाठीची जादा परवानगी-यादी, विचारातच घेत नसे. नोंदवहीवर तर एसीएल लावलेली होती.

शिवाय तपासणी आणि उघडणे यांच्या मधल्या क्षणात फाइल बदलली जाऊ शकते, हा धोका उरतोच. माझ्या मते पैशांच्या नोंदींसाठी एवढी फटही ठेवू नये. म्हणून मी तपासणी काढून टाकली, फाइल थेट लिहिण्यासाठी उघडली आणि न उघडल्यास कर्नलने दिलेली चूक वाचून मराठी संदेश दाखवला: ईॲक्सेस आल्यास परवानगी नाही, ईएनओईएनटी आल्यास नोंदवही सापडत नाही, ईआरओएफएस आल्यास डिस्क केवळ वाचनासाठी जोडलेली आहे. ईॲक्सेस वाटेतील एखाद्या फोल्डरला एक्स बिट (आत जाण्याची परवानगी) नसल्यानेही येतो, त्यामुळे त्या संदेशाखाली नोंदवहीचा पूर्ण पाथही छापला.