माशाचे हात आणि कॉन्टेक्स्ट स्विच

परतीच्या पावसात देवगडात लाइट जाणं ही काय बातमी नाही. पण बर्फाच्या फॅक्टरीत मिठाच्या पाण्याचं टेंपरेचर नोंदवायला लावलेला माझा बोर्ड बॅटरीवर रात्रभर चालायला हवा होता, आणि त्याने पहाटे तीनलाच मान टाकली. बॅटरी नवीन, म्हणजे खोट माझ्याच कोडात.

बोर्डावर कॉर्टेक्स-एम४ हा छोटा प्रोसेसर, ८४ मेगाहर्ट्झ (सेकंदाला ८.४ कोटी सायकल), वर फ्रीआरटीओएस, म्हणजे अनेक टास्क (कामं) आळीपाळीने चालवणारी छोटी ऑपरेटिंग सिस्टिम. सेन्सरचं डबडं १,१५,२०० बॉडने डेटा ओततं, म्हणजे सेकंदाला ११,५२० बाइट, आणि मी शहाण्याने काय केलेलं तर प्रत्येक बाइटला इंटरप्ट (प्रोसेसरला हाक), इंटरप्टमधून सेमाफोर (टास्कला उठवणारा झेंडा), सेमाफोरने टास्क उठणार, एक बाइट उचलून परत झोपणार. जाऊन-येऊन दोन कॉन्टेक्स्ट स्विच (एका टास्कचं सामान बांधून ठेवायचं, दुसऱ्याचं सोडायचं), म्हणजे सेकंदाला तेवीस हजार! एका स्विचला तीनशे सायकल जरी धरल्या तरी आठ टक्के प्रोसेसर नुसता सामान बांधण्या-सोडण्यात गेला, आणि मधे त्याला झोपायला मिळतं ते डुलकीपुरतं, आणि तो झोपला तरच बॅटरी वाचते.

तेव्हाच स्वयंपाकघरातून आई ओरडली. बांगडे साफ करत होती आणि मी तिसऱ्यांदा काहीतरी विचारायला गेलेलो. "मेल्या, हात माशाचे आसत, काय ता एकदाच सांग!"

पिठाचे हात नुसत्या पाण्याने निघतात हो, माशाच्या हातांना साबण लागतो, वर लिंबू. एम४ चं तेच. साध्या टास्कचे आठ रजिस्टर (प्रोसेसरमधले छोटे कप्पे) हार्डवेअर स्वतः स्टॅकवर (टास्कच्या मेमरीत) टाकतं, आर४ ते आर११ आणि आर१४ हे पेंडएसव्ही या टास्क बदलणाऱ्या इंटरप्टमधलं कोड टाकतं, झाले सतरा शब्द (एक शब्द म्हणजे ३२ बिट). पण टास्कने एकदा जरी फ्लोटचं (दशांश आकड्यांचं) गणित केलं की त्याचे हात माशाचे, मग प्रत्येक स्विचला पन्नास शब्द, भले त्यानंतर फ्लोटला शिवलाही नसेल. लेझी स्टॅकिंग (फ्लोटचे रजिस्टर गरज पडली तरच लिहिणं) आहे ना, मग कशाला काळजी, असं मला वाटायचं, पण ते इंटरप्टपुरतं, टास्क बदलताना फ्लोटचे एस१६ ते एस३१ वाचवायला घेतले की उरलेलेही मुकाट लिहावे लागतात.

आणि माझा बाइट उचलणारा टास्क तिथल्या तिथे फ्लोटमधे डिग्री काढत बसलेला. अरे देवा.

मग डीएमए (प्रोसेसरला न उठवता डेटा मेमरीत टाकणारं हार्डवेअर) लावला, ६४ बाइटचं पाकीट पूर्ण झालं की एकच इंटरप्ट, म्हणजे सेकंदाला १८० पाकिटं आणि ३६० स्विच. बफर (डेटा तात्पुरता ठेवायच्या जागा) दोन ठेवले, नाहीतर एक वाचेपर्यंत डीएमए त्यावरच लिहितो (हे कसं कळलं ते विचारू नका). सेमाफोर काढून टास्क नोटिफिकेशन (थेट टास्कलाच निरोप) घातलं, ते हलकं पडतं. उणे साडेनऊ डिग्री आता उणे ९५ म्हणून इंटिजरमधे (पूर्णांकात) फिरते, पॉइंट फक्त स्क्रीनवर. टिकही (फ्रीआरटीओएसचा ठोका) सेकंदाला हजारवरून शंभरवर आणला, बर्फाला मिलिसेकंदाची कसली घाई?

परवा लाइट गेली ती रात्री अकराला, आली सकाळी सातला, नोंदी सगळ्या जागेवर. डिस्प्लेच्या टास्कमधे अजून एक फ्लोट लपलाय, पण तो सेकंदातून दोनदाच उठतो, राहू दे त्याचे हात माशाचे.