'सेट'चं कुटुंब: मुक्काम 'सेट इन'

इंग्रजी 'सेट'ला 'ऑफ', 'आउट', 'इन' असे छोटे शब्द जोडून होणारी क्रियापदं एकेक करून घेतोय. 'सेट ऑफ' आणि 'सेट आउट' लवकर उरकले. निघणं दोन्हींत आहे. 'सेट आउट'मध्ये मनाशी काही ठरवून निघणंही येतं. रमलो ते 'सेट इन'पाशी.

नुसत्या 'सुरू होणे' या अर्थानं इथं भागत नाही. मीटिंग सुरू होते, मॅच सुरू होते, पण त्यांना 'सेट इन' चालत नाही. थंडी, काळोख, थकवा, जंतुसंसर्ग, सडणं यांना चालतं. आलेलं लवकर हलणार नाही, हे त्यात गृहीत असतं आणि बहुतेक वेळा ते नकोसंच असतं. 'पॅनिक सेट इन' म्हणजे भीतीनं घर केलं. सॅम्युअल जॉन्सननं आपल्या 1755च्या इंग्रजी शब्दकोशाच्या प्रस्तावनेत परकीयांना सर्वांत जड जाणारी म्हणून अशी क्रियापदं दिली आहेत. त्यांत 'सेट इन' आहे आणि अर्थातही सातत्यावरच बोट ठेवलंय.

माझं आवडतं वाक्य: 'द रेन हॅज सेट इन फॉर द डे'. एखादी सर येऊन गेली तर हे म्हणता येत नाही, झड लागायला हवी. हवामान खात्याच्या 'ऑनसेट'मध्ये (मान्सूनचं आगमन) 'सेट' हाच आहे, फक्त 'इन'ऐवजी 'ऑन' आणि तोही आधी, आणि निकषही तसाच चिवट आहे. केरळात मान्सून आला म्हणायला ठरलेल्या 14 केंद्रांपैकी किमान 60 टक्के ठिकाणी सलग दोन दिवस 2.5 मिलिमीटर किंवा जास्त पाऊस लागतो, शिवाय वाऱ्यांच्या अटी वेगळ्या. एका दिवसाच्या पावसावर ऑनसेट जाहीर होत नाही. या क्रियापदाचा अर्थ मला याहून नेमका कुठंच सापडलेला नाही.

व्याकरण सोपं आहे. कर्म नाही, त्यामुळे कर्मणी प्रयोगही नाही. फसवं वाक्य एकच: 'द फिल्म इज सेट इन मुंबई'. तिथला 'इन' मुंबईचा आहे, क्रियापदाचा नाही. मोठ्यानं वाचा. 'विंटर हॅज सेट इन'मध्ये जोर 'इन'वर पडतो. सिनेमाच्या वाक्यात 'इन' जेमतेम ऐकू येतो. ही चाचणी 'कम इन', 'गिव्ह इन'लाही लावून पाहिली, चोख चालते.

आता 'सेट अबाउट' हातात घेतलंय. त्याला कर्म लागतं, पण ते मध्ये शिरत नाही: 'सेट अबाउट इट' बरोबर, 'सेट इट अबाउट' नाही. 'सेट अप'चं नेमकं उलट, तिथं 'इट' मध्येच बसतं. दोघांची वाक्यं समोरासमोर लिहून काढतोय.