कीटोवर गोळ्या-पावडरी लागतात का? माझं तरी असं झालं

कीटो डाएटचा (भात-पोळी-साखरेतले कार्ब्ज अगदी कमी, फॅट भरपूर) चौथाच दिवस असेल, रात्री अडीचला पोटरीत असा गोळा आला की मी ओरडलेच. सकाळी डोकं जड, जिना चढताना पाय लटपट. जिममधला ट्रेनर म्हणाला हा कीटो फ्लू, म्हणजे कीटोच्या सुरुवातीचा त्रास, आणि लगेच यादीच दिली, मल्टिव्हिटॅमिन, एमसीटी ऑइल (खोबरेलातून काढतात ते एक तेल), कीटोन पावडर, मॅग्नेशियम... बेरीज केली तर आमच्या महिन्याच्या पनीर-तुपाच्या वर!

कारण फार साधं निघालं. कार्ब्ज २०-३० ग्रॅमवर आणले की साठलेलं ग्लायकोजेन (शरीराने साठवून ठेवलेली साखर) संपतं, त्याच्या दर ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी असतं ते पण जातं (पहिल्या आठवड्यात काटा धपकन उतरतो तो बराचसा ह्याच पाण्याने, उगाच हुरळू नका) आणि इन्सुलिन उतरलं की किडनी सोडियम जास्त बाहेर टाकते. म्हणजे मला कमी पडत होतं ते मीठ! आधी ओआरएस आणलं होतं, पण त्याच्या एक लिटरच्या पुडीत साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज, दिवसाचे अर्धे कार्ब्ज तिथेच संपले. मग लिंबू, पाणी आणि पाव चमचा मीठ, दिवसातून दोनदा. दोन-तीन दिवसांत डोकं हलकं झालं. सैंधव घेत असाल तर पाकीट बघा, त्यात बहुतेकदा आयोडीन घातलेलं नसतं.

पोटॅशियमला पालक, मॅग्नेशियमला भोपळ्याच्या बिया, डाळी-फळं सुटल्यावर पोट अडलं म्हणून इसबगोल. कीटोन पावडर कशाला, शरीर स्वतःच फॅटपासून कीटोन नावाचं इंधन बनवतंय म्हणून तर हा सगळा खटाटोप ना? बी१२ मात्र टेस्टमध्ये कमी आलं, पण मी शाकाहारी, त्याचा दोष कीटोला कसा देऊ, ती गोळी डॉक्टरांनी दिली आणि घेते.

आता काहीच लागत नाही असंही नाही. हा डाएट मुळात फिट्स येणाऱ्यांसाठी, १९२१ मध्ये मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी सुचवलेला, आणि आजही ज्या मुलांना तो देतात त्यांना कॅल्शियम, व्हिटॅमिन डी, मल्टिव्हिटॅमिन सोबत द्यावंच लागतं कारण ताटात बहुतेक फॅटच असतं. आपलं कीटो तेवढं कडक नसतं.

नवऱ्याला बीपीची गोळी चालू आहे. माझं बघून तोही मीठ-पाणी प्यायला लागला, वर पोटॅशियमच्या गोळ्या मागवू का म्हणे! त्याच्या हातातला ग्लास काढून घेतला आणि आधी डॉक्टरांना फोन लावायला लावला.