टोनीचा तक्ता भरताना

शुक्रवार, रात्र

टोनी म्हणजे ब्रॉडवेवरच्या, न्यूयॉर्कच्या मोठ्या व्यावसायिक थिएटरांतल्या, नाटकांचे पुरस्कार. त्यांची मतपत्रिका सोहळ्याच्या साधारण दोन दिवस आधी बंद होते. म्हणजे आता कुठल्या नटाची मुलाखत गाजली, कुठल्या नाटकाची तिकिटं एकदम खपायला लागली, याचा निकालाशी काडीचा संबंध नाही. कोण जिंकेल याच्या अंदाजांचा, मित्रांतल्या पैजेचा तक्ता घेऊन बसायला हीच वेळ बरी.

स्पर्धेचे विभाग २६. बहुतेक जण सर्वोत्कृष्ट म्युझिकल आणि अभिनय यांच्यावर डोकं खपवतात, नेपथ्य-प्रकाश-ध्वनी पाच मिनिटांत उरकतात, आणि तिथेच मार खातात. मोठ्या विभागांत सगळ्यांची उत्तरं बऱ्याच अंशी सारखी येतात, त्यामुळे तिथे कुणी फारसं पुढेही जात नाही आणि मागेही पडत नाही. नेपथ्य, वेशभूषा, प्रकाशयोजना आणि ध्वनी हे चारही विभाग नाटकासाठी वेगळे आणि म्युझिकलसाठी वेगळे, म्हणजे आठ झाले. त्यात नृत्यदिग्दर्शन आणि ऑर्केस्ट्रेशन, म्हणजे गाण्यांची वाद्यवृंदासाठी केलेली मांडणी, मिळवा. २६ पैकी १० गुण इथे पडलेले असतात.

आधी म्युझिकलचं नेपथ्य घेऊ, कारण हा विभाग सर्वांत फसवा. सवय अशी असते की जे म्युझिकल सगळं जिंकणार त्यालाच इथेही खूण करून मोकळं व्हायचं. २०१८ साली 'द बँड्स व्हिजिट'ला ११ नामांकनं होती, १० पुरस्कार मिळाले. हुकलेला एकमेव म्हणजे नेपथ्य. तो गेला 'स्पंजबॉब'कडे, आणि 'स्पंजबॉब'ला १२ नामांकनांपैकी तेवढा एकच मिळाला. २०१६ला 'हॅमिल्टन'ने ११ पुरस्कार नेले, पण नेपथ्य 'शी लव्ह्ज मी'ला गेलं. २०१७ला 'डिअर इव्हान हॅन्सन'चा जोर होता, तरी नेपथ्य आणि प्रकाश दोन्ही 'ग्रेट कॉमेट'ने उचलले.

कारण उघड आहे. नेपथ्याची मतपत्रिका भरणारे सगळेच नेपथ्यकार नसतात. त्यांना आठवतं ते डोळ्यांत भरलेलं. 'हॅमिल्टन'चा सेट म्हणजे लाकडी परांची, दोरखंड आणि फिरता रंगमंच. काम अचूक, पण पहिल्या प्रसंगात दिसलं तेच शेवटपर्यंत. 'शी लव्ह्ज मी'त अत्तराचं दुकान बाहेरून दिसतं आणि मग दागिन्यांच्या पेटीसारखं उघडून आतलं दुकान समोर येतं, तिथे प्रेक्षक टाळी देतात. 'ग्रेट कॉमेट'ने तर अख्खं इम्पीरियल थिएटर रशियन सपर क्लब, म्हणजे खात-पीत कार्यक्रम बघायची जागा, करून टाकलं होतं.

मग विजेत्या म्युझिकलला नेपथ्य कधीच मिळत नाही का? मिळतं. २०१९चं 'हेडीस्टाउन' आणि २०२५चं 'मेबी हॅपी एंडिंग' यांना मिळालं. पण दोन्हींत सेट नुसता उभा राहत नाही, गोष्टीचा एक टप्पा स्वतः पार पाडतो. 'हेडीस्टाउन'मध्ये पाताळात उतरताना मद्यालयाच्या भिंती फाकतात. 'मेबी हॅपी एंडिंग'मध्ये सरकत्या चौकटी रंगमंच लहान-मोठा करत राहतात. तेव्हा प्रश्न एकच विचारायचा: सेटने केलेली एखादी गोष्ट मतदाराला एका वाक्यात सांगता येईल का? येत असेल तर खूण करा.

वेशभूषेत नाटक चांगलं की वाईट हे जवळपास विसरावं. कपडेपट केवढा आणि काळ कुठला, एवढं बघावं. २०२४ला 'द ग्रेट गॅट्सबी'ला नामांकन मिळालं एकच, वेशभूषेचं, आणि ते जिंकलं. एकच नामांकन आहे म्हणून नाव खोडणारे त्या वर्षी फसले.

ध्वनीचा किस्सा निराळा. हा विभाग २००८ला सुरू झाला, २०१४नंतर काढून टाकला, त्यावर ध्वनीवाल्यांनी बरंच रान उठवलं आणि २०१८ला तो परत आला. परत आला तो अट घेऊन: ऑर्केस्ट्रेशन आणि ध्वनी या दोन्हींवर सगळे मतदार मत देत नाहीत, त्यातले जाणकार तेवढे देतात. त्यामुळे नेपथ्याचा ठोकताळा इथे लावला तर तोंडघशी पडाल. ऑर्केस्ट्रेशनमध्ये जाणकारांचा कल वादक ऐकू आणि दिसू येतात तिकडे, किंवा बुजुर्ग हाताकडे. २०१८ला 'द बँड्स व्हिजिट', २०२४ला 'मेरिली वी रोल अलाँग'साठी जॉनथन ट्युनिक, २०२५ला 'बुएना व्हिस्टा सोशल क्लब'. ध्वनीत मात्र आवाजानेच प्रसंग उभा केला असेल तर तो पुढे जातो. 'द आउटसायडर्स'मधली पावसातली मारामारी हे त्याचं उत्तम उदाहरण. २०२४ला प्रकाश आणि ध्वनी दोन्ही त्याच म्युझिकलला गेले. २०२५ला 'स्ट्रेंजर थिंग्ज'ने नाटकांच्या बाजूला नेपथ्य, प्रकाश, ध्वनी असे तिन्ही घेतले. असा तांत्रिक धडाका असलेलं नाटक दिसलं की तीनही खुणा एकत्र कराव्यात, मन वाटून घेऊ नये.

शनिवार, सकाळ

आता मतदार. संख्या ८००च्या वर: निर्माते, थिएटरमालक, देशभर दौरे लावणारे आयोजक, नट, दिग्दर्शक, नाटककार, नेपथ्यकार, काही समीक्षक. नियम असा की एखाद्या विभागात मत द्यायचं तर त्यातली सगळी नामांकित नाटकं पाहिलेली हवीत. नामांकनं ठरवणारी समिती वेगळी आणि बरीच लहान. इथे बरेच जण घोटाळा करतात: नामांकनांची संख्या म्हणजे त्या छोट्या समितीची आवड, ८०० जणांची नव्हे. 'स्लेव्ह प्ले'ला १२ नामांकनं मिळाली, पुरस्कार शून्य. 'अ स्ट्रेंज लूप'ला ११, पुरस्कार दोनच, पण त्यातला एक सर्वोत्कृष्ट म्युझिकलचा.

दौरेवाल्यांबद्दल एक सिद्धांत दरवर्षी उकरून काढला जातो: ही मंडळी आपल्या गावात खपेल त्यालाच मत देतात. २०१३ला 'मटिल्डा'ला मागे टाकून 'किंकी बूट्स' आलं तेव्हा हाच दाखला दिला गेला. पण २००४ला 'विकेड' समोर असताना 'ॲव्हेन्यू क्यू' जिंकलं, आणि 'द बँड्स व्हिजिट' किंवा 'अ स्ट्रेंज लूप' ही काही दौऱ्यावर हमखास गल्ला भरणारी नावं नव्हेत. दोन म्युझिकल अगदी काट्यावर असतील तरच हा सिद्धांत वापरावा, एरवी नको.

'मतं फुटतात' हाही तसाच एक गैरसमज. एकाच नाटकातले दोघे-तिघे एका विभागात असले की लोक सगळ्यांवर काट मारतात. २०१६ला 'हॅमिल्टन'मधून लेस्ली ओडम ज्युनिअर आणि लिन-मॅन्युएल मिरांडा समोरासमोर होते, जिंकला ओडम. २०२२ला 'द लेहमन ट्रिलॉजी'चे तिन्ही नट एका विभागात, जिंकला सायमन रसेल बील. २०२४ला 'स्टिरिओफोनिक'चे तिघे सहायक अभिनेत्याच्या विभागात, जिंकला विल ब्रिल. नाटक आवडलेला मतदार तिघांत मत वाटत बसत नाही. सगळे बोट दाखवतात त्या एकालाच देतो. तो एक कोण, एवढंच शोधायचं.

संहिता आणि संगीत हे विभाग सर्वोत्कृष्ट म्युझिकलला बांधून टाकू नयेत. २००६ला दोन्ही 'द ड्राउझी शॅपरोन'ला गेले, म्युझिकल 'जर्सी बॉइज'. २०२४ला दोन्ही 'सफ्स'ला, म्युझिकल 'द आउटसायडर्स'. कधी तिघं तीन दिशांना नसली तरी दोन दिशांना जातात: २०१९ला 'हेडीस्टाउन'ने संगीत घेतलं, संहिता 'टूट्सी'ला गेली. संगीताच्या विभागात आधी पात्रता बघावी. जुनी लोकप्रिय गाणी जोडून केलेलं म्युझिकल तिथे बसतच नाही. करोनाने कापलेल्या हंगामात एकाही म्युझिकलला तिथे नामांकन मिळालं नाही, आणि संगीताचा टोनी 'अ ख्रिसमस कॅरल' या नाटकाला मिळाला. रिव्हायव्हलच्या, म्हणजे जुनं नाटक नव्याने उभं केल्याच्या, विभागातही अशीच गोम असते. 'अप्रोप्रिएट' २०२३च्या शेवटी ब्रॉडवेवर पहिल्यांदाच आलं, पण आधी इतरत्र गाजलेलं म्हणून पात्रता ठरवणाऱ्या समितीने (नामांकनं ठरवणारी ती वेगळी) ते नव्या नाटकांत न धरता रिव्हायव्हलमध्ये टाकलं, आणि तिथे ते जिंकलं. समितीचे हे निर्णय हंगामभर जाहीर होत असतात. ते वाचले नाहीत तर तक्त्यात नाव चुकीच्या रकान्यात जातं.

टोनीच्या आधी जाहीर होणारे न्यूयॉर्कचे इतर नाट्यपुरस्कार कितपत धरायचे? त्यांपैकी ड्रामा डेस्कमध्ये ऑफ-ब्रॉडवे, म्हणजे ब्रॉडवेबाहेरच्या छोट्या थिएटरांतली नाटकंही असतात, त्यामुळे एखाद्या म्युझिकलने तो पुरस्कार आदल्याच वर्षी घेतलेला असतो. 'हॅमिल्टन'चा ड्रामा डेस्क २०१५चा आणि टोनी २०१६चा. यंदाच्या यादीत नाव नाही म्हणजे जोर नाही, असं समजू नये. ड्रामा डेस्क आणि आउटर क्रिटिक्स सर्कल यांनी २०२३पासून अभिनयात स्त्री-पुरुष असे वेगळे विभाग ठेवलेले नाहीत, तेव्हा ते निकाल सरळ उचलता येत नाहीत. ड्रामा लीगचा अभिनयाचा पुरस्कार एका व्यक्तीला आयुष्यात एकदाच मिळतो, म्हणजे तिथे कुणाचं नाव हुकलं तर आधी ते जुन्या विजेत्यांत आहे का हे पाहावं.

शनिवार, रात्र

रकाने तीन: 'जिंकेल', 'जिंकू शकेल', 'जिंकावं'. तिसरा रकाना आधी भरून टाकावा, म्हणजे मनातली आवड पहिल्यात घुसत नाही. पहिला आणि तिसरा रकाना २० ठिकाणी सारखा निघाला तर तक्ता पुन्हा भरायचा. धक्कादायक निकालांवर पैज लावायची तर दोन-तीनच विभागांत, आणि तीही नेपथ्य-वेशभूषेच्या बाजूला. प्रमुख अभिनेत्रीत धाडस केलं आणि फसलं तर ते भरून काढायला जागा उरत नाही.

चौघांत पैज असेल तर बरोबरीचं आधीच ठरवून घ्यावं. टोनीत दोन विजेते होऊ शकतात. १९६०ला 'द साउंड ऑफ म्युझिक' आणि 'फिओरेलो!' दोन्ही सर्वोत्कृष्ट म्युझिकल ठरली. दोघांनाही पूर्ण गुण द्यावेत, अर्ध्याचा हिशेब भांडणं लावतो. आणि तक्ते जमा करायची वेळ मुख्य प्रक्षेपणाची ठेवू नये. बरेचसे तांत्रिक पुरस्कार त्याआधीच्या तास-दीड तासाच्या कार्यक्रमात देऊन होतात, आणि तोवर तक्ता हातात असलेला माणूस नेपथ्याचा निकाल बघून खूण बदलतो.