फोटो स्टॉप : वीस मिनिटे

नाशिकहून निघणाऱ्या युरोप सहलींवर टूर मॅनेजर म्हणून जाताना एक गोष्ट लवकर कळते. कार्यक्रमपत्रिकेत 'भेट' म्हणजे तिकीट काढून आत जाणे आणि 'फोटो स्टॉप' म्हणजे वीस मिनिटे, त्यांतली पाच तर मंडळी बसमधून उतरण्यातच जातात. फ्रान्समधल्या आर्लजवळचा लांग्लुआ पूल आमच्याकडे फोटो स्टॉप होता आणि पत्रिकेत त्याचे वर्णन 'व्हॅन गॉगने रंगवलेला मूळ पूल' असे होते. ते वाक्य काढावे असे मी दोनदा सुचवले होते. पण विक्रीच्या मंडळींना 'मूळ' हा शब्द फार प्रिय असतो.

व्हॅन गॉगने 1888 च्या वसंतात रंगवलेल्या उचलपुलाच्या जागी 1930 मध्ये काँक्रीटचा पूल आला आणि तोही 1944 मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने उडवून दिला. त्याच कालव्यावर फॉस येथे त्याच घडणीचा एक पूल वाचला होता. 1959 मध्ये तो सुटा करून मूळ जागी आणायचे ठरले. परंतु बांधकामाच्या अडचणींमुळे तो तेथून काही किलोमीटरवर उभारावा लागला. पर्यटक पाहतात तो हा. लांग्लुआ हे नावही मुळात पूल सांभाळणाऱ्या माणसाचे.

एरवी हे मी बसमध्येच सांगतो. त्या दिवशी सांगितले नाही, कारण गटात चित्रकलेच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या, ज्यांच्या वर्गात ते चित्र वर्षानुवर्षे भिंतीवर होते आणि ज्या मुलांना वही घेऊन गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, गाडगे महाराज पुलापाशी बसवत असत. बाई उतरल्या, पण पुलाकडे न पाहता काठ न्याहाळू लागल्या.

"चित्रातल्या धुणं धुणाऱ्या बायका नेमक्या कुठे बसल्या होत्या हो?"

मग मला सांगावेच लागले. त्या रागावल्या नाहीत, एवढेच म्हणाल्या, "मग ती जागा दाखवा ना. पूल नसला तरी चालेल."

तेथे चालकांना दिवसाला नऊ तासच गाडी चालवता येते, साडेचार तासांनंतर पंचेचाळीस मिनिटांची विश्रांती सक्तीची असते आणि टॅकोग्राफ मिनिटामिनिटाची नोंद ठेवतो. आमच्याकडे पन्नास मिनिटे उरली होती आणि मुक्काम चाळीस मिनिटांवर, अ‍ॅव्हिन्यॉनला होता. आठवड्यातून दोनदा दहा तासांची मुभा असते. त्यांपैकी एक दिवस शिल्लक होता. तो मी परवाच्या लांब टप्प्यासाठी राखून ठेवला आणि नाही म्हणालो. बाईंनी "बरं" म्हणत कोरी वही मिटली. परवाचा टप्पा साडेआठ तासांत संपला.

नाशिकला परतल्यावर त्यांनी भरलेल्या अभिप्रायपत्रात सगळीकडे 'उत्तम' होते. सूचनांच्या रकान्यात मात्र 'जुन्या जागेवर थांबावे' असे लिहिले होते. ते पत्र मी स्वतः कार्यालयात दिले. यंदाच्या पत्रिकेत 'मूळ' तसाच आहे आणि फोटो स्टॉप पंधरा मिनिटांचा झाला आहे.